कासवाच्या पोटावरची गाठ

कासव ज्या पिशवीतून शाळेत गेले होते त्याच पिशवीतून परत आले, आणि दुर्बीणबाईंच्या डोक्यात तिडीक गेली ती त्या दुपारी.

थोरली नात दारातच उभी राहिली. तिने पायातले बूट काढले नाहीत, दप्तरही उतरवले नाही. पिशवी तेवढी आजीच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "घे. तुझं कासव."

"माझं? माझं कधीपासून झालं ते?"

"बाई म्हणाल्या, हे घरच्यांनी केलंय. प्रदर्शनात ठेवता येणार नाही. तू स्वतः केलेलं काहीतरी आण म्हणाल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, मीच केलंय. तर हसल्या."

"मी बाईंना सांगायला जाणार होते," धाकटीने मागून आपली बाजू मांडली, "पण आमचा वर्ग खाली आहे."

थोरलीने मग बूट काढले, आपला शिवणाचा पत्र्याचा डबा कपाटातून घेतला आणि आजीच्या पलंगाखाली, जिथे मोडकी छत्री आणि जुने बूट पडलेले असत, त्या कोपऱ्यात पायाने ढकलून दिला. "आता मी शिवणार नाही. कधीच नाही," असे तिने शांतपणे सांगितले. आदळआपट केली असती, तर दुर्बीणबाईंना इतके लागले नसते.

दुर्बीणबाई हे काही त्यांचे पाळण्यातले नाव नव्हे. कपड्यांच्या कारखान्यात, फिनिशिंगच्या लांबलचक हॉलमध्ये त्यांचे उमेदीचे सगळे आयुष्य चेकर म्हणून गेले. शिवून आलेला शर्ट ट्यूबलाइटखाली पसरायचा, कॉलरपासून कफापर्यंत बोट फिरवायचे, आणि सुटलेला टाका, तिरके काज किंवा लोंबता दोरा दिसला की तिथे लाल ठिपका चिकटवून शर्ट माघारी धाडायचा, हे त्यांचे काम. शिवणाऱ्या मुली त्यांना पाठीमागे 'दुर्बीण' म्हणत. पुढे सुपरवायझर तोंडावर म्हणू लागला, आणि निरोपाच्या दिवशी मालकानेही भाषणात तेच नाव घेतले, कारण दुसरे त्याला ठाऊक नव्हते. त्या तिथे सगळ्यांबरोबर हसल्या. घरी आल्यावर मात्र म्हणाल्या, "इतकी वर्षं पगाराला सही केली, ती काय दुर्बिणीने?"

नाव चिकटले ते चिकटलेच. सायकल-दुरुस्तीच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर त्यांचे घर होते, खालचा सायकलवालासुद्धा "दुर्बीणबाई, चाकाची हवा वरून दिसते का हो?" असे विचारी. त्याही खिडकीतून उत्तर देत, "हवा नाही दिसत. तू बिडी ओढतोयस ते दिसतं."

मुलगा आणि सून दोघेही नोकरीला. नाती दुपारी शाळेतून आल्या की संध्याकाळपर्यंत आजीच्या ताब्यात. खिडकीखाली एक लाकडी बाक होता, त्यावर उजेड चांगला पडे. तिथे शिवणकाम कधी सुरू झाले हे कुणालाच नेमके आठवत नव्हते. एके दिवशी आजीला सुईच्या नेढ्यात दोरा ओवता येईना, म्हणून थोरलीने ओवून दिला; मग तोच दोरा घेऊन तिने चिंधीवर धावदोरा घातला; आणि मग आजीचे चिंध्यांचे गाठोडे बाकावर कायमचेच आले.

शिकवण्याची आजीची पद्धत कारखान्यातली. दोरा हातापेक्षा लांब घ्यायचा नाही. लांब दोरा म्हणजे आळशाचा दोरा. चुकला टाका तर ज्याचा त्याने उसवायचा. आणि दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही. हा शेवटचा नियम सर्वांत कडक. हॉलमध्ये त्यांनी स्वतः कधी कुणाचा शर्ट दुरुस्त केला नव्हता. ठिपका लावायचा, माघारी धाडायचा, शिवणारीने सुधारून आणायचा. "मी नीट करून दिलं, तर तिचा हात नीट कधी होणार?" असे त्या म्हणत. एवढीच एक मुभा त्या स्वतःला देत: बाकी सगळे निर्दोष असून एखादा दोराच तेवढा लोंबत असेल, तर तो सुईने आत घेऊन, दोन वळसे देऊन, गाठ शिवणीच्या पोटात लपवून टाकायची. हे त्या न पाहता करत, गप्पा मारता मारता करत. जांभई आली की हात जसा तोंडाकडे जातो, तसे.

धाकटीने काहीही शिवायला घेतले तरी शेवटी त्याची अळी होई. ससा मांडला, त्याची अळी झाली. "ही सशाची अळी आहे," असे तिने छातीठोकपणे सांगितले आणि विषय संपवला. थोरलीचे तसे नव्हते. शाळेत प्रदर्शन भरणार, प्रत्येकाने स्वतःच्या हाताने केलेली वस्तू आणायची, असे कळल्यावर तिने कासव करायचे ठरवले, आणि कासव म्हणजे मान आत घेणारेच हवे असा हट्ट धरला. बापाच्या जुन्या शर्टांचे खिसे कापून तिने त्यांची पाठ जोडली. मान बाहेर यायला आणि आत जायला भोक हवे. पण नुसते भोक पाडले तर कापडाचे धागे सुटत जातात. मग शर्टाला असते तसे काज करावे लागेल, असे तिचे तिनेच शोधून काढले.

काज हाताने करणे हे मोठ्यांच्याही नाकी नऊ आणणारे काम. टाक्याला टाका चिकटून बसवायचा, दोऱ्याचा ताण सारखा ठेवायचा. थोरलीने टाकाऊ पट्टीवर काज केले आणि उसवले, पुन्हा केले, पुन्हा उसवले. एकदा तिने रडत रडत पट्टी खिडकीबाहेर फेकली. ती सायकलवाल्याच्या डोक्यावर पडली आणि त्याने ती इमानदारीने वर आणून दिली. आजी शेजारी बसून नुसत्या पाहत होत्या. अखेर एका दुपारी कासवाची मान काजातून बाहेर आली, दोरी ओढताच सुळकन आत गेली, आणि दोघी नातींनी त्या दिवशी त्याला इतके घाबरवले की बिचाऱ्याला मान बाहेर ठेवायची फुरसत मिळाली नाही.

ते कासव आता खोटे ठरून परत आले होते.

संध्याकाळी मुलगा घरी आला. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "जाऊ दे ना आई. तिसरीतल्या पोरांचं प्रदर्शन ते. त्यात काय एवढं?"

"तुला ऑफिसात कुणी म्हटलं, हे काम तू केलेलंच नाहीस, तर जाऊ देशील?"

"ऑफिसात मी केलं नाही असं कुणी म्हटलं तर बरंच होईल. बहुतेक वेळा शिव्याच खायच्या असतात."

सून हसली; पण सासूचा चेहरा पाहून तिने हसू आवरले. ती जवळ बसली. "आई, खरं सांगू का? तुम्ही जरा जास्तच नीट शिकवता. बाकीच्या मुलांच्या आया स्वतः करून देतात, पण मुद्दाम वाकडंतिकडं करतात. डिंक जरा बाहेर आलेला, रंग जरा रेषेबाहेर गेलेला. मग कुणाला शंका येत नाही."

"म्हणजे चोरी करणाऱ्याची चोरी पचते, आणि पोरीने घाम गाळला तो मात्र खोटा?"

"तसं नाही हो. दोन दिवस आहेत अजून. थोरलीने एखादं वाकडं फूल शिवून नेलं की झालं. तासाभराचं काम."

बाकावर गृहपाठ करणारी थोरली मान वर न करता म्हणाली, "मला आता वाकडं येत नाही."

दुर्बीणबाईंच्या मनात ते वाक्य काट्यासारखे रुतून बसले. वाकडे येत नाही, आणि सरळ चालत नाही. मग पोरीने करायचे काय? हात बांधून बसायचे?

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेस त्या कासवाची पिशवी घेऊन शाळेच्या पायऱ्या चढल्या. पिशवीत त्यांनी सुयांची डबी, काजाचा दोरा आणि कात्रीही टाकली होती. थोरलीला त्यांनी वर्गाच्या दारातूनच सोबत घेतले. धाकटी कुणी न बोलावता आली.

हस्तकलेच्या बाई वयाने सुनेएवढ्याच असतील. त्यांच्या खोलीत पुठ्ठ्याची घरे, काड्यांचे पूल आणि मण्यांची झाडे छतापर्यंत रचलेली होती. खुर्चीवरची पवनचक्की उचलून त्यांनी आजींना बसायला जागा केली.

"आजी, मला समजतं हो," त्या म्हणाल्या, "नातवंडांवरच्या प्रेमापोटी होतं असं. माझ्या आजीनेही..."

"माझं प्रेम राहू द्या बाजूला. टाक्यांचं बोला. हे कासव हिने केलंय."

"तुम्ही मदत केली असेलच ना थोडी?"

"शिकवलं. सुई हिच्याच हातात होती."

बाईंनी उसासा टाकला. "हे बघा आजी, माझं काय होतं ते सांगते. मागच्या वर्षी एका मुलाने जहाज आणलं, त्याला आत वायरिंग होतं. दिवे लागायचे. त्याला विचारलं, बटण कुठंय, तर म्हणाला पप्पांना माहीत. मी कुणाकुणावर विश्वास ठेवू? आता हे काज बघा. मी स्वतः हस्तकला शिकवते, मला असं काज येत नाही."

"तुम्हाला येत नाही हा हिचा गुन्हा आहे का?"

बाईंचा चेहरा तांबडा झाला. त्या काही दुष्ट नव्हत्या, थकलेल्या होत्या. थोडा विचार करून त्यांनी तोडगा काढला. "असं करू या. कासव ठेवते मी प्रदर्शनात. खाली लिहू, 'आजीच्या मार्गदर्शनाखाली.' मग तर झालं?"

धाकटीने आजीची बाही ओढली. "म्हणजे काय गं?"

"म्हणजे मीच केलं असं," दुर्बीणबाई म्हणाल्या, "पण गोड आवाजात." मग त्या बाईंकडे वळल्या. "त्या पुलाखाली लिहिणार आहात का, 'वडिलांच्या मार्गदर्शनाखाली'? नाही ना? मग इथेच का? बरं, शंकाच आहे ना तुम्हाला? आत्ता, इथे, तुमच्या डोळ्यांदेखत ही काज करून दाखवील."

त्यांनी सुयांची डबी उघडली, टेबलावर कापडाचा तुकडा पसरला, आणि दोरा ओवण्यासाठी सुई थोरलीपुढे धरली.

थोरलीने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"घे ना. दाखव बाईंना."

"नाही."

"अगं, येतं की तुला. घाबरतेस कशाला?"

"मी घाबरत नाही," थोरली म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत होता. "मी सांगितलं ना मी केलं म्हणून? मग परत कशाला करून दाखवू? आणि तू का सांगतेस मला? तू तर बघितलंयस!"

सुई धरलेला दुर्बीणबाईंचा हात तसाच राहिला.

कारखान्याच्या फाटकापाशी पत्र्याची एक खोली होती. सुटी झाली की बायकांची रांग तिथून जाई. पिशवी उलटी करायची, डबा उघडून दाखवायचा, अंबाड्यात बोटे घालू द्यायची. कुणी कधी काळी केसांत दोऱ्याचे रीळ लपवले होते म्हणून. दिवसभर इतरांच्या कामातले दोष शोधणाऱ्या दुर्बीणबाईही त्याच रांगेत उभ्या राहत. मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा त्यांनी बाजारातून कापड आणले होते, आणि जेवणाच्या सुटीत बसून हाताने त्याचा एक इवलासा शर्ट शिवला होता. झडती घेणारीने तो पिशवीतून काढला. "कापड कुठलं?" "माझं. बाजारातलं." "पुरावा?" पुरावा नव्हता. शर्ट तिथेच राहिला. काही दिवसांनी तो त्यांना पुन्हा दिसला. त्या खोलीतल्या टेबलावर सांडलेला चहा पुसायला. त्या काही बोलल्या नाहीत. घरी पोर होते, आणि नोकरी एकच होती. पिशवी उलटी करत राहिल्या, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत.

आणि आज त्याच हातांनी त्या नातीची पिशवी उलटी करायला निघाल्या होत्या.

त्यांनी सुई डबीत ठेवली. जन्माच्या सवयीप्रमाणे त्यांचे बोट कासवाच्या शिवणीवरून फिरू लागले. मानेच्या काजापासून कडेकडेने, मागच्या पायांखालून, पोटावरच्या जोडापर्यंत. तिथे बोट थांबले. त्यांनी कासव उलटे केले, चष्मा वर सरकवला, आणि शिवण उजेडात धरली.

आत घेतलेला दोरा. दोन वळसे. शिवणीच्या पोटात लपवलेली गाठ.

जगात आणखी कुणाला ती दिसली नसती. ज्या दिवशी कासव पुरे झाले त्या दिवशी थोरली पाणी प्यायला उठली असेल. दोरा लोंबत असेल. आणि आजीच्या हातांनी त्यांना न विचारता आपले काम केले असेल. दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही म्हणणारा हा हात!

गप्प राहता आले असते. बाई घड्याळाकडे पाहत होत्याच. पण ज्या बाईने आयुष्यभर लोकांच्या शर्टांवर लाल ठिपके चिकटवले, तिला आपल्या गाठीवर ठिपका लावणे चुकणार कसे?

"बाई," त्या म्हणाल्या, "यातली एक गाठ माझी आहे. मला आत्ता दिसली."

थोरलीने गर्रकन वळून पाहिले. हस्तकलेच्या बाईंच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखे हसू आले. "बघा! मी तेच तर म्हणत होते, आजी."

"नाही. तुम्ही ते म्हणत नव्हता." दुर्बीणबाईंचा आवाज चढला नाही, पण बाहेरच्या वऱ्हांड्यातून जाणारा शिपाई थबकला. "तुम्ही म्हणालात, हे हिने केलंच नाही. भर वर्गात म्हणालात आणि हसलात. माझी गाठ एक आहे, ती मी कबूल केली. बाकी एकूण एक टाका हिचा आहे. माझ्या एका गाठीवर तुमचं सगळं खोटं खरं करून घेऊ नका. मी कबूल केलं ते तुमच्या हसण्याला आधार मिळावा म्हणून नव्हे."

"पण नियमाप्रमाणे आता..."

"नियमाप्रमाणे कासव घरी जाईल. त्याला आम्ही दोघी बघू. आणि ही पोर सुई धरून दाखवणार नाही. मी तिला तसं सांगितलं, ती माझी दुसरी चूक. पहिली गाठीची. तुमची तुम्ही मोजा."

त्या उठल्या. जाता जाता धाकटीने पवनचक्की पुन्हा खुर्चीवर नीट ठेवली आणि बाईंना समजावले, "माझी आजी रागावली की अशीच बोलते. उद्या पण अशीच बोलेल."

रस्त्यात थोरली आजीच्या पुढे दहा पावले चालत राहिली. कोपऱ्यावरच्या लोहाराच्या दुकानापाशी धाकटी थांबली, तरी ती थांबली नाही. सायकलवाल्याने विचारले, "काय, लागला निकाल?" थोरली सरळ जिना चढू लागली, तेव्हा तो समजला आणि पान्याने उगाच एक नट आवळू लागला.

घरात शिरल्यावर थोरली म्हणाली, "दाखव."

आजीने कासव उलटे करून गाठीवर बोट ठेवले.

"तू माझ्या कासवाला हात लावलास?"

"लावला."

"तूच म्हणतेस, दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही."

"म्हणते."

"मग?"

"मग चुकलं," दुर्बीणबाई म्हणाल्या. "आता ठिपका लावायचा की काय, ते तू ठरव. काम तुझं आहे."

थोरलीच्या नाकपुड्या फुगल्या, ओठ घट्ट मिटले. मग ती वाकली, पलंगाखाली पालथी पडली, आणि मोडक्या छत्रीमागून आपला पत्र्याचा डबा ओढून बाहेर आली. केसांना जळमट लागले होते. बाकावर बसून तिने कात्रीचे टोक त्या लपलेल्या गाठीखाली घातले आणि ती कापली. दोरा सुटला, जोडाची कड उघडली, आतला कापूस डोकावला.

"हात मांडीखाली ठेव," तिने आजीला बजावले.

आजीने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. धाकटीला एवढे पुरेसे वाटले नाही. ती वर चढून आजीच्या मांडीवरच बसली. "आता निघणारच नाहीत," ती म्हणाली.

थोरली शिवू लागली. रागाने शिवत असल्यामुळे टाके जरा घट्ट बसत होते, आणि शेवटची गाठ तिने अशी मारली की ती शिवणीबाहेर मटारासारखी फुगून राहिली. कारखान्यात हा शर्ट एका क्षणात माघारी गेला असता. दुर्बीणबाईंची बोटे मांडीखाली वळवळली. हा दोरा आत घेता आला असता, दोन वळसे देता आले असते. अर्ध्या मिनिटाचेही काम नव्हते.

"जाड झाली का गं गाठ?" थोरलीने मान वर न करता विचारले.

"झाली."

"उसवू?"

"तुला कसं वाटतं?"

थोरलीने कासव हातभर लांब धरून पाहिले. पोटावर गाठ टचटचीत दिसत होती. "राहू दे," ती म्हणाली. "माझी आहे, ते कळतं तरी."

प्रदर्शन झाले. त्यात वायरिंगची जहाजे होती की नाही, हे पाहायला त्या घरातून कोणी गेले नाही. हस्तकलेच्या बाईंनी एकदा थोरलीला थांबवून कासव कसे आहे असे विचारले. थोरलीने "बरं आहे" एवढेच सांगितले. दुर्बीणबाईंचा राग म्हणाल तर गेला नाही. शाळेचे नाव निघाले की आजही त्यांची मान ताठ होते. मुलगा "जाऊ दे ना" म्हणाला की त्या त्याच्याकडे अशा पाहतात, की त्याला लहानपणी न मिळालेला एक शर्ट आठवावा. पण तो शर्ट त्याला ठाऊकच नाही.

कासव खिडकीत असते. थोरलीने आता साळिंदर शिवायला घेतले आहे, आणि त्याचे काटे एकेक करून लावायचे आहेत. ते चालू असताना आजीने बाकावर कुठे बसायचे, हे धाकटीने ठरवून दिले आहे: भिंतीच्या बाजूला, सुईपासून लांब, आणि मांडीवर धाकटी.